नंदीच्या पायथ्याशी ढग कुठून येतात?

थंडीच्या दिवसांत रविवारी पहाटे साडेतीन-चारला बंगळुरूच्या मारतहळ्ळीतल्या अनेक इमारतींच्या पार्किंगमध्ये गाड्या सुरू होतात. थर्मासमध्ये चहा, मागच्या सीटवर शालीत गुरफटलेली पेंगुळलेली मुले आणि आदल्या रात्री ग्रुपवर पक्का झालेला बेत: सूर्योदयाला नंदी हिल्स. आउटर रिंग रोडने हेब्बाळ, तिथून बळ्ळारी रोड धरून विमानतळाच्या पुढे देवनहळ्ळी, मग नंदीचा फाटा आणि वळणावळणांचा घाट. अंतर साधारण 60 किलोमीटर. वर गाडी लावली की झाडीतून थोडे चालायचे आणि कड्यावरच्या कठड्याशी जाऊन उभे राहायचे. पायवाट लहान मुलांनाही झेपेल एवढीच आहे.

पण कठड्यापलीकडे काय दिसेल, हे मात्र दर वेळी वेगळे. एखाद्या रविवारी खाली क्षितिजापर्यंत पांढराशुभ्र ढगांचा समुद्र पसरलेला असतो आणि स्कंदगिरी, ब्रह्मगिरी यांचे माथे तेवढे त्यातून वर आलेले दिसतात. पुढच्या रविवारी त्याच वेळी, त्याच जागी उभे राहिले तर खाली फक्त शेते, तळी आणि धुरकट माळ. जुलैत गेले तर चार हातांपलीकडचे झाडही दिसत नाही. ‘नशिबात असेल तर दिसते,’ असे म्हणत लोक घाट उतरतात.

यात नशिबाचा भाग फार थोडा आहे. ढगांचा तो समुद्र आदल्या संध्याकाळपासून रात्रभर तयार होत असतो, आणि त्याची कृती एकदा कळली की मारतहळ्ळीतल्या गॅलरीत उभे राहूनही उद्याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

दरी नव्हे, मोकळा माळ

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला कडा म्हटले की समोर खोल दरी आणि पलीकडे कोकण दिसते. आपले डोंगर बेसाल्टचे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि पुढे पाण्याने ते कापून काढले. म्हणून सह्याद्रीत पायऱ्यापायऱ्यांचे कडे आणि सपाट माथे दिसतात.

नंदीची गोष्ट निराळी. इथला खडक ग्रॅनाइटच्या कुळातला आहे आणि वयाने सुमारे 250 कोटी वर्षांचा किंवा त्याहूनही जुना. तो जमिनीच्या खूप खोल पोटात थिजला. वरचे खडक झिजत गेले तसा तो उघडा पडला. अशा खडकात जिथे भेगा जवळजवळ असतात तिथे पाणी आत मुरते, खडकातल्या खनिजांची हळूहळू माती करते आणि ती वाहून जाते. जिथे भेगा कमी असतात तिथला खडक टिकून राहतो. आजूबाजूचा प्रदेश असा कोट्यवधी वर्षे खाली जात राहिला आणि मधला अभंग दगड जागच्या जागी उभा राहिला. नंदीचे गोलाई असलेले, गुळगुळीत, उघडे कातळ म्हणजे हाच उरलेला भाग.

म्हणजे कठड्यावरून आपण जिला दरी म्हणतो ती खरे तर दरी नाहीच. तो म्हैसूरच्या पठाराचा मोकळा माळ आहे. पठाराची उंची इथे समुद्रसपाटीपासून साधारण 900 मीटर, आणि नंदीचा माथा 1478 मीटरवर. हे पाचशे-साडेपाचशे मीटरचे अंतर लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा खेळ त्यावर आहे. पालार, अर्कावती, उत्तर आणि दक्षिण पेन्नार, चित्रावती या नद्यांचे उगम याच डोंगररांगेच्या परिसरात आहेत, तेही याच उंचवट्यामुळे. इथे पडलेला पाऊस वेगवेगळ्या उतारांनी वेगवेगळ्या दिशांना जातो.

हवेत पाणी मावते किती?

हवेत पाण्याची वाफ नेहमीच असते. ती डोळ्यांना दिसत नाही. पण हवेत किती वाफ मावेल याला मर्यादा आहे आणि ती मर्यादा तापमानावर ठरते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढ्या हवेत 25 अंश सेल्सिअसला सुमारे 23 ग्रॅम वाफ राहू शकते. 15 अंशांना सुमारे 13 ग्रॅम, आणि 10 अंशांना जेमतेम साडेनऊ ग्रॅम.

आता डिसेंबरमधली देवनहळ्ळीकडची एखादी संध्याकाळ घ्या. तापमान 25 अंश आणि दर घनमीटर हवेत 13 ग्रॅम वाफ. हवेत अजून बरीच जागा शिल्लक आहे, त्यामुळे आपल्याला हवा कोरडी, छान वाटते. रात्री तापमान उतरत उतरत 15 अंशांवर आले की तीच 13 ग्रॅम वाफ हवेला काठोकाठ पुरते. ज्या तापमानाला असे होते त्याला दवबिंदू म्हणतात. पारा आणखी एका अंशाने उतरला तर जवळपास एक ग्रॅम वाफ जास्तीची ठरते आणि तिला पाणी होण्यावाचून गत्यंतर नसते. काही वाफ गवतावर आणि गाडीच्या टपावर दव होऊन बसते. उरलेली हवेतल्या धूळ, धूर, क्षार यांच्या सूक्ष्म कणांभोवती गोळा होते.

असे तयार झालेले थेंब एक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे किंवा त्याच्या दुपटीएवढे असतात. इतका लहान थेंब खाली पडतो तोही सेकंदाला फार तर सेंटिमीटरभर, म्हणून तो तरंगतच आहे असे वाटते. मात्र प्रत्येक थेंब प्रकाश विखुरतो, आणि असे अगणित थेंब एकत्र आले की समोरचे दिसेनासे होते. एक किलोमीटरच्या आतलेच दिसू लागले की हवामानशास्त्र त्याला धुके म्हणते. धुके आणि ढग यांत तसा काही फरक नाही. जमिनीला टेकलेला ढग म्हणजे धुके. नंदीवरून खाली दिसणारा ‘ढग’ पायथ्याच्या गावातल्या माणसासाठी धुकेच असतो.

रात्री उष्णता जाते कुठे?

हवा गार होण्याआधी जमीन गार होते. दिवसभर तापलेली जमीन डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपाने सतत उष्णता बाहेर टाकत असते. दिवसा सूर्य तिची भरपाई करतो, रात्री ती होत नाही. आकाशात ढग असले तर ते जमिनीकडून आलेली बरीच उष्णता शोषून पुन्हा खाली पाठवतात. आकाश निरभ्र असेल तर बरीच उष्णता थेट अंतराळात निघून जाते. म्हणून चांदण्या लखलखीत दिसणारी रात्र जास्त गार असते.

गार पडलेली जमीन आपल्याला चिकटून असलेल्या हवेला गार करते. गार हवा जड असते, ती तळाशीच राहते आणि उतार मिळाला की खाली घरंगळते. इथे नंदीचा उघडा कातळही कामाला लागतो. त्याचा पृष्ठभागही आपली उष्णता आकाशाला देत असतो आणि त्याला लागून गार झालेली हवा उतारावरून पायथ्याशी जाऊन साचते. नोव्हेंबरपर्यंत परतीच्या आणि ईशान्य मोसमी पावसाने जमीन ओली केलेली असते, तळी भरलेली असतात. चिक्कबळ्ळापूरकडे द्राक्षमळे, भाजीपाला आणि फुलांच्या शेतीला पाणी दिलेले असते. ओलावा तयार, थंडी तयार.

शहरातले चित्र वेगळे. मारतहळ्ळीतले काँक्रीट, डांबर आणि एकमेकींना खेटून उभ्या इमारती रात्री उष्णता सावकाश सोडतात, त्यामुळे शहराचे तापमान मोकळ्या माळाइतके उतरत नाही. म्हणूनच घराखाली धुक्याचा मागमूस नसताना विमानतळाच्या पुढे गेल्यावर गाडी एकदम पांढऱ्या पडद्यात शिरते.

बादलीतले दोन थर

आता कोड्याचा गाभा. उंचीवर जावे तसतसे गार होते, असे आपण शाळेत शिकलो. ते खरेच आहे. सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला सहा-साडेसहा अंशांनी तापमान उतरते. त्या हिशेबाने दुपारी नंदीचा माथा पठारापेक्षा साडेतीन अंशांनी गार असायला हवा, आणि साधारण असतोही. टिपू सुलतानाने इथे उन्हाळी मुक्कामाची जागा केली ती याच गारव्यासाठी. 1927 च्या उन्हाळ्यात आजारातून उठलेले गांधीजीही विश्रांतीसाठी इथेच येऊन राहिले होते.

थंडीतल्या निरभ्र रात्री मात्र हा नियम तळाशी उलटा होतो. जमिनीलगतची हवा सर्वांत गार, तिच्या वरची त्याहून उबदार. काही शे मीटरपर्यंत तापमान वर वर वाढत जाते आणि मग पुन्हा उतरू लागते. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात.

आंघोळीच्या बादलीत हे सहज कळते. आधी बादलीत गार पाणी भरा आणि वरून गीझरचे कढत पाणी अगदी हलक्या धारेने सोडा. वरच्या पाण्यात बोट बुडवले तर चटका बसतो आणि कोपरापर्यंत हात घातला तर तळाला बोटे गारठतात. गार पाणी जड म्हणून खाली, गरम हलके म्हणून वर. कोणी ढवळले नाही तर हे दोन थर बराच वेळ तसेच राहतात.

विपरीततेच्या रात्री माळावरची हवा अशीच न ढवळता पडून असते. खालची गार हवा वर येऊ शकत नाही, कारण वरच्या उबदार हवेपेक्षा ती जड आहे. तिच्यातला ओलावा, धूळ, चुलींचा आणि वाहनांचा धूर सगळे खालीच अडकते. धुके तयार होते ते या अडकलेल्या थरात, आणि म्हणूनच ते वर चढत नाही. अशा धुक्याची जाडी बहुधा शंभर ते तीनशे मीटर असते. नंदीचा माथा माळापासून पाचशे मीटरहून अधिक उंच. म्हणजे धुके जिथे संपते त्याच्या पुष्कळ वर आपण उभे असतो. टेकडी दीडशे मीटरचीच असती तर आपणही त्या पांढऱ्यात बुडालो असतो.

समुद्राचा पृष्ठभाग एवढा सपाट दिसतो तोही यामुळेच. धुके दाट झाले की उष्णता बाहेर टाकण्याचे जमिनीचे काम धुक्याचा माथा करू लागतो. तो आणखी गार होतो. त्याच्या लगेच वर कोरडी, उबदार हवा असते, तिच्यात शिरलेला थेंब विरून जातो. त्यामुळे सीमारेषा सुरीने कापल्यासारखी स्पष्ट राहते. धुके नसलेल्या सकाळी हीच सीमारेषा क्षितिजावर तपकिरी पट्टा होऊन दिसते. पट्ट्याखाली धुरकट हवा, वर स्वच्छ निळाई.

वारा किती हवा?

वारा अजिबात नसेल तर फक्त जमिनीला टेकलेली हवा गार होते आणि जवळपास सगळा ओलावा दव होऊन गवतावर बसतो. धुक्याला जाडी येण्यासाठी थोडीशी हालचाल लागते, म्हणजे गार झालेली हवा जरा वर जाते आणि तिच्या जागी दुसरी येते. वारा जोराचा असेल तर मात्र बादली ढवळली जाते, वरची कोरडी उबदार हवा खाली मिसळते आणि धुके तयारच होत नाही. अंगाला जाणवेल न जाणवेल एवढी झुळूक सगळ्यांत चांगली.

ऊन वर आल्यावर

अनेकांचा अनुभव असा की सूर्योदयाला धुके कमी व्हायच्या ऐवजी वाढल्यासारखे वाटते. त्याला कारण आहे. रात्रीचे किमान तापमान मध्यरात्री येत नाही, ते सूर्योदयाच्या आसपास येते. शिवाय पहिले ऊन गवतावरचे दव वाफेत बदलते आणि तळाच्या हवेला हलकेच हलवते, त्यामुळे धुके थोडे फुगते. तासा-दोन तासांनी जमीन तापू लागते, तळची हवा हलकी होऊन वर येऊ लागते आणि बादली ढवळायला सुरुवात होते. धुके खालून आणि कडांकडून विरते, मधले फाटते आणि उरलेले तुकडे वर उचलले जातात. म्हणून आठच्या सुमाराला कधीकधी स्वच्छ असलेला माथाच काही मिनिटे ढगात शिरतो. नऊ-दहापर्यंत बहुधा सगळे संपलेले असते.

हे वेळापत्रक विमानतळावरही तसेच चालते. 2008 साली देवनहळ्ळीजवळ सुरू झालेला बंगळुरूचा विमानतळ याच माळावर, सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. थंडीतल्या पहाटे तिथली विमाने खोळंबतात ती याच धुक्यामुळे. 2020 च्या अखेरीस तिथल्या दक्षिण धावपट्टीवर ‘कॅट-3 बी’ ही यंत्रणा सुरू झाली. तिच्यामुळे धावपट्टीवर 50 मीटरपर्यंतच दिसत असले तरी विमान उतरू शकते.

पावसाळ्यातली पांढरी भिंत

जून ते सप्टेंबरमधला नंदीचा ढग वेगळ्या घराण्यातला. तेव्हा नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो, आकाश झाकलेले असते. त्यामुळे जमीन रात्री फारशी गार होत नाही आणि विपरीतता तयार होत नाही. ओली हवा टेकडीला धडकून वर चढते, चढता चढता प्रसरण पावून गार होते आणि माथ्यावरच तिचा ढग होतो. आपण ढगाच्या वर नसतो, ढगाच्या आत असतो. सूर्योदयाची अपेक्षा ठेवून जुलैत गेलेला माणूस हमखास हिरमुसतो.

पण त्या दिवसांत बघण्यासारखे दुसरे काही असते. पाऊस पडत नसतानाही नंदीवरच्या झाडांखाली टपटप थेंब पडतात आणि झाडाबाहेर दोन पावले आलो की थांबतात. ढगातले थेंब स्वतःहून पडण्याइतके जड नसतात. वारा त्यांना पानांवर नेऊन आपटतो. एकेका पानाच्या कडेवर शेकडो सूक्ष्म थेंब एकत्र येतात, टोकाशी घसरतात आणि वजन पेलवेनासे झाले की सुटतात. निलगिरीचे लोंबते, टोकदार पान हाताच्या अंतरावरून न्याहाळा. टोकाशी थेंब वाढताना, लांबोडा होताना आणि तुटताना दिसतो. झाडे ढगातून पाणी गाळून जमिनीला देतात. डोंगरमाथ्यावरची झाडी राखण्यासाठी एवढे एक कारणही पुरेसे आहे.

एकदा पाठ फिरवून पाहा

सूर्योदयाला सगळ्यांचे मोबाइल पूर्वेकडे रोखलेले असतात. खाली धुके असेल तर सूर्य थोडा वर आल्यावर पश्चिमेकडे मोकळा कडा असलेली जागा शोधा आणि सूर्याकडे पाठ करून खालच्या पांढऱ्या पृष्ठभागाकडे पाहा. आपली सावली जिथे पडायला हवी त्या बिंदूभोवती रंगीत वलये दिसण्याची शक्यता असते. मराठी भटक्यांना हे इंद्रवज्र म्हणून चांगले ठाऊक आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून ते पाहिल्याचे वर्णन कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या हवामानावर 1835 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केले आहे.

इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांतून बनते आणि त्याची कमान आकाशभर असते. इंद्रवज्र धुक्याच्या अतिसूक्ष्म थेंबांमुळे दिसते. हे थेंब प्रकाशाचा काही भाग आला त्याच दिशेने माघारी पाठवतात आणि प्रकाशाच्या लहरी एकमेकींत मिसळून लहान, गोल वलये उमटतात. थेंब सगळे सारख्या आकाराचे असतील तर रंग स्पष्ट दिसतात. प्रत्येकाला वलयांच्या मधोमध आपलीच सावली दिसते, कारण वलयांचे केंद्र पाहणाऱ्याच्या डोळ्यावरून ठरते.

चौकट: आदल्या रात्री काय पाहाल?

- महिना: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्याआधीच्या काही दिवसांत पाऊस झाला असेल तर अधिक चांगले.
- आकाश: रात्री चांदण्या स्पष्ट दिसायला हव्यात. रात्रभर ढगाळ असेल तर झोप मोडू नका.
- दवबिंदू: हवामानाच्या अ‍ॅपमध्ये देवनहळ्ळी किंवा चिक्कबळ्ळापूर निवडा. पहाटेचे किमान तापमान दवबिंदूइतके किंवा त्याहून कमी सांगितले असेल तर धुक्याची शक्यता चांगली.
- वारा: अगदी मंद. झाडांच्या फांद्या हलत असतील तर आशा कमी.
- घराखालची हवा: तिच्यावरून ठरवू नका. शहर रात्री उबदार राहते.
- वेळ: सूर्योदयाच्या आसपास. नऊनंतर पोचल्यास बहुधा माळच दिसेल.

जाताना एवढे जपा

वरून जे सुंदर दिसते त्यातूनच गाडी चालवत वर जायचे असते. धुक्यात अनेक जण अधिक दिसावे म्हणून हेडलाइटचा हाय बीम लावतात. त्याने उलट कमी दिसते, कारण वर रोखलेला झोत असंख्य थेंबांवरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. लो बीमचा झोत रस्त्यावर पडतो, त्यामुळे डोळ्यांवर येणारा प्रकाश कमी होतो. पहाटे बळ्ळारी रोडवर भाजीपाल्याचे टेम्पो असतात, गावांजवळ सायकलवर आणि पायी निघालेली माणसे असतात. सूर्योदय गाठण्यासाठी वेग वाढवण्यापेक्षा घरून अर्धा तास लवकर निघावे.

बरोबर मुले असतील तर त्यांना एक काम द्या. बहुतेक नव्या गाड्यांत बाहेरचे तापमान दाखवणारा आकडा असतो. थांबलेल्या गाडीत इंजिनाच्या उष्णतेने तो चुकतो, पण चालत्या गाडीत पुरेसा विश्वासार्ह असतो. मारतहळ्ळी सोडताना, हेब्बाळला, देवनहळ्ळीला, घाटाच्या पायथ्याशी, घाटाच्या मध्यावर आणि माथ्याजवळ तो आकडा वहीत उतरवायला सांगा, आणि शेजारी मोबाइलवर दिसणारी उंची. शहरातून माळावर येताना पारा उतरतो. विपरीततेच्या पहाटे घाट चढू लागल्यावर मात्र तो उतरण्याऐवजी वर सरकलेला आढळेल, आणि नेमक्या त्याच वळणांच्या आसपास गाडी धुक्यातून बाहेर आलेली असेल. दुपारी उतरताना तेच आकडे पुन्हा घ्या आणि दोन्ही आलेख एका कागदावर काढा. पहाटेची रेघ आणि दुपारची रेघ उलट दिशांना झुकलेल्या दिसल्या की तापमानाची विपरीतता मुलांना पुन्हा समजावून सांगावी लागणार नाही.